उगवतीकडे वळलेला कोष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी फुलपाखराचा धडा आला की मुलांना सांगते, कोष झोपलेला नसतो बरं. बाहेरून काडीसारखा निपचित, पण अंगावरच्या बारीक केसांना स्पर्श कळतो. एका कुशीला काडी लावा — शेपटी झटकन त्याच बाजूला वळते. मुंगी आली तर तिला चेंगरता यावं म्हणून. मुलं लावून बघतात, खूश होतात. मी तेवढा वेळ फळा पुसत राहते.

राळेगावजवळच्या आमच्या गावात उन्हाळी नांगरट सुरू झाली की मातीतून बोटाएवढे तपकिरी कोष निघायचे. पुस्तकाप्रमाणे ते पतंगाचे, पण आम्हाला सगळी फुलपाखरंच. मुली असा कोष डोक्याकडून चिमटीत धरायच्या आणि विचारायच्या, "सांग सांग, माहं सासर कोनीकडं?" शेपटी वळेल तिकडं सासर. खेळच तो. तरी मोठ्या बायकाही बघायला थांबायच्या — हसत, आणि थोड्या न हसत.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा ताईला दोन स्थळं आली. उगवतीला वणीचं, मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला, आणि त्यांना वैशाखातच लग्न हवं होतं. मावळतीला दारव्ह्याचं, मुलाचे वडील नुकतेच गेलेले, वर्षश्राद्धापर्यंत थांबा म्हणाले. बाबांनी निर्णय ताईवर सोडला. आमच्या घरात हे नवलच! ताईला दारव्ह्याचा मुलगा आवडला होता. हे मला माहीत होतं — फक्त मलाच.

आणि मला काय हवं होतं? एम.एस्सी.ला अमरावतीला जायचं होतं. बाबांचा दंडक होता, थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटी हॉस्टेलला जाणार नाही. ताई वर्षभर थांबली, तर मीही थांबणार. एवढंच होतं हो. एक वर्ष.

एका सकाळी ताई शेतातून कोष घेऊन आली. "तू धर," म्हणाली, "मी विचारते." एवढ्यावर कुणी लग्न ठरवतं का, असं तुम्ही म्हणाल. ती तरी कुठे ठरवत होती? लोक काय म्हणतील, वर्षभर कोण थांबतं, या विचारानं ती दमली होती. मनातलं दारव्हा दुसऱ्या कुणीतरी म्हणावं, इतकंच तिला हवं होतं. तिनं डोळे मिटले आणि विचारलं.

महिनाभरापूर्वीच कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्ही कोषाच्या कुशीला ब्रश लावून पाहिला होता. मी अंगठ्याचं नख — उगवतीच्या बाजूला — टेकवलं. जोर नाही लावला. लागतच नाही.

शेपटी वळली. ताईनं डोळे उघडले, शेपटीकडे बघितलं आणि म्हणाली, "वणीच म्हणते ना?"

मी "हो ना" म्हणाले.

वैशाखात तिचं लग्न झालं, जुलैत मी अमरावतीला गेले. भावजी वाईट नाहीत, हे सांगायला हवं — आणि ते सांगताना मला सुटल्यासारखं वाटतं, हेही सांगायला हवं. पण त्या दोघांचं कधी जमलं नाही. बोलणं कामापुरतं. दोरीवरच्या साड्यांवर कोळशाची धूळ, ताईचा न जाणारा खोकला. तिची तक्रार नसते. आई हळहळली की उलट तिलाच समजावते, "कोषानं सांगतलंच होतं, आई."

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी माहेरी होतो. फराळ करता करता ताईनं मधेच विचारलं, "तू तं याच्यातच शिकली. खरं सांग, त्या कोषाले काही समजते का? का आपलं उगाच?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले, असं नंतर स्वतःला सांगून पाहिलं. तसं नव्हतं. ती माझ्याशी बोलणं टाकेल, याची मला भीती वाटली.

"समजते," मी म्हणाले. "त्याले सारं समजते, ताई."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग बरं झालं," म्हणाली, "मले उगाच वाटे, माहंच चुकलं." आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

मी ती खाल्ली.