जुन्या कॉम्प्युटरवर राहिलेलं लायसन्स

मंडळी, आज कुणाची खरडपट्टी काढायची नाहीये, आभार मानायचेत. सवय नाही, सांभाळून घ्या.

सदाशिव पेठेत आमचं टायपिंग आणि प्रिंटचं दुकान आहे. सून परगावी गेलीय, म्हणून आज दुकानात मी. एक विद्यार्थिनी प्रबंध छापायला आली. पाचच्या आत जमा केला नाही तर तिचं वर्ष जाणार. कालच आणलेल्या कॉम्प्युटरवर तिने फाईल उघडली, तर सॉफ्टवेअर छापूच देईना. म्हणे लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालू आहे.

ते दुसरं मशीन मीच मांजरी गावात राहणाऱ्या माझ्या लेकीला देऊन टाकलेलं. देताना पदराने पुसून दिलं, पण लायसन्स आधी काढून घ्यायचं असतं हे कुठे ठाऊक?

कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, बिलावरचा कोड वाचा. पंचवीस अक्षरं, आणि माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी स्कूटरच्या नंबरप्लेटवरून शिकले.

"उलटा एम," मी म्हणाले.

"डब्ल्यू. पुढचं सांगा, आजी."

"तुला घाई असेल."

"घाई तुम्हाला आहे, मला नाही. सावकाश वाचा."

दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. जुन्या मशीनवरचं बंद करून तिने नव्यावर चालू करून दिलं. वर बजावलं, कुठलं लायसन्स कुठल्या मशीनवर ते वहीत लिहून ठेवा. लिहिलं. साडेचारला प्रबंध घेऊन पोरगी पळाली.

तुम्ही फोनवरच्या अशा माणसांचे कधी नीट आभार मानलेत का? मी तर जन्मभर त्यांच्यावर फोन आपटत आले. आज तिने ठेवेपर्यंत कानाला धरून बसले.