ऱ्हाईनची ओटी

परतीच्या विमानाला चार दिवस उरले होते आणि माझा नवस अजून फिटायचाच होता.

लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकहून स्वित्झर्लंडला गेले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मी पोहोचले आणि आठवड्यातच नात महिनाभर आधी जन्माला आली. तिला लेकीच्या गावाहून लांब, बाझल शहरातल्या मोठ्या रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिथल्या खिडकीतून ऱ्हाईन नदी दिसायची. एके दिवशी घाबरून मी तिलाच हात जोडले, "बाई, माझ्या लेकीला आणि नातीला सुखरूप घरी पाठव, तुझी ओटी भरीन."

नात घरी आली, बाळसं धरलं, आणि मालिश-अंघोळीत दिवस कसे गेले कळलंच नाही. डिसेंबर संपत आला तेव्हा देवळ्याच्या वहिनीला फोनवर म्हटलं, आता गोदावरीवरच फेडते. ती कडाडली, "नाय चालायचं! नवस तिला बोलली ना? मंग तिचाच फेडायचा."

लेकीला, मुग्धाला, सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आई, इथे नदीत काही टाकायचं नसतं, दंड होतो. आणि एकटी जाणार? हरवशील."

हरवशील म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. नाशिकभर स्कूटर फिरवणारी बाई मी!

इथे येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: नाताळात दुकानं सलग बंद असतात. मी नारळ आधीच तमिळ दुकानातून आणून ठेवला होता, ब्लाउजपीस बॅगेत होताच, तांदूळ लेकीच्या डब्यातले घेतले. सकाळी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली, कारण स्टेशनवर साध्या कॉफीलाही पाचेकशे रुपये पडतात. तिकिटाच्या यंत्रात इंग्रजीचं बटण असतं, ते आधी दाबा. मी दाबलं नाही आणि मागच्या माणसाला बराच वेळ ताटकळत ठेवलं.

गाडी तासाभरात बाझलला पोहोचली. बाहेर बर्फाने पांढरी झालेली शेतं होती, आत इतकी ऊब की स्वेटर काढावा लागला. स्टेशनबाहेरून ट्राम पकडली, पूल ओलांडून उतरले आणि समोर थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या! आपला घाटच की! मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

आणि सवयीने मी बूट काढले, मोजे काढले, साडी जरा वर खोचली आणि पाण्यात पाय घातला. गारठ्याची कळ थेट मस्तकात गेली!

"नो! नो!" लोकरी टोपी घातलेली एक बाई पायऱ्यांवरून धावत आली आणि तिने माझा दंडच धरला. म्हातारी जीव द्यायला आली असं तिला वाटलं होतं. मी पिशवी उघडून नारळ दाखवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "माझी मुलगी, तिची मुलगी, दोघी बऱ्या झाल्या. नदीला थँक्यू."

तिचा चेहरा निवळला. "पाण्यात टाकता येणार नाही," ती म्हणाली. "पण आधी मोजे घाला आणि माझ्या होडीत चला."

ती तिथली नावाडी होती! होडी लाकडी, इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलेली, तिला होडीचा दोर, आणि होडी नुसत्या प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. भाडं दोनेक फ्रँक, सुटी नाणी जवळ ठेवा. बाझलला गेलात तर ही होडी चुकवू नका.

मधोमध गेल्यावर मला सुचलं. रोज नदीच्या अंगाखांद्यावर वावरणारी ही बाई नदीची लेकच की. "तुमची ओटी भरू?" मी पदर पसरून दाखवला. तिने हसत जाकिटाचा घेर धरला. मी ब्लाउजपीस, नारळ, ओंजळभर तांदूळ घातले आणि नदीकडे बघून हात जोडले. तिने त्यातलेच चार दाणे उचलून माझ्या तळहातावर ठेवले. "फॉर द बेबी."

ओटीतले दाणे परत द्यायचे असतात हे तिला कोणी सांगितलं होतं? मी तर रडलेच. पण परतीच्या गाडीत अशी ताठ बसले होते, जशी काही गाडी मीच चालवतेय!

मुंबईला उतरून टॅक्सीने कसारा घाट चढून घरी आले. फोनवर सगळं ऐकलेल्या ह्यांनी दारातच विचारलं, "बघू, पाय शाबूत आहेत ना?" वहिनीला फोन केला, तर ती म्हणाली, "लय भारी केलंस! फिटला तुझा नवस." दोन दाणे मी नातीच्या उशाशी ठेवून आले होते, दोन इथल्या तांदळाच्या डब्यात टाकले. डोंगर, बर्फ, चॉकलेटं सगळं पाहिलं, खाल्लं, पण विचाराल तर मी त्या होडीबद्दलच बोलेन.

काल मुग्धाचा फोन आला. "आई, ती होडी नेमकी कुठे गं? बाळाला घेऊन जाईन म्हणते."

आठ वर्षं तिथे राहणाऱ्या माझ्या लेकीला मी नाशिकच्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता पत्ता सांगितला: कुठली ट्राम, कुठे उतरायचं, कुठल्या पायऱ्या.

"आणि हो," म्हटलं, "बूट काढू नकोस."