डोमाजींचं अस्वल

आंबागडच्या डोमाजींना सिनेमावर मत देण्याचा अधिकार कोणी दिला असं विचाराल, तर एका अस्वलानं दिला. जंगल खात्यात मजुरी करताना मोहाच्या झाडाखाली फुलं खायला आलेल्या अस्वलानं त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत झाडावर बसवून ठेवलं होतं. ही हकीकत पहिल्यांदा सांगितली तेव्हा ते अस्वल वासराएवढं होतं. आता ते गावच्या किल्ल्याच्या दरवाजात मावत नाही. पण त्या दिवसापासून गावात अस्वलाचा विषय निघाला की शेवटचा शब्द डोमाजींचा, हे ठरूनच गेलं.

काम सुटल्यावर डोमाजींनी गोष्टी सांगायला घेतल्या. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पोरं शाळेच्या ओट्यावर बसत. शाळेत चित्रांचं एक जुनं पुस्तक होतं, गब्दू अस्वल आणि चिंगी सशाचं. पानं सुटलेली, पोरांना सगळं तोंडपाठ, तरी डोमाजींनीच वाचायला हवं, कारण पुस्तकात नसलेलं बरंच काही ते त्यातूनच वाचून दाखवत. आता झाडीपट्टीत गोष्ट म्हटली की समोर कोणीतरी हुंकारा देणारं लागतंच. वाक्य संपलं की 'हूं' म्हणायचं. हुंकारा थांबला की सांगणाराही थांबतो. डोमाजींना हुंकारा देण्याचा मान त्यांच्या नातीचा, आठ वर्षांच्या गुड्डीचा.

मग गब्दू-चिंगीच्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग आला. पहिला भाग पोरांनी मोबाइलवर पाहून विसरूनही टाकला होता. हा मात्र तुमसरच्या टॉकीजला लागला, आणि गुड्डी आईच्या मोबाइलवर त्याची जाहिरात पुन्हा पुन्हा पाहू लागली. लागोपाठ दोन शनिवार तिचा हुंकारा मध्येच बंद पडला. डोमाजी थांबले, वाट पाहिली. पण आपण थांबलोय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि ते त्यांना फार लागलं.

"पोट्टी माह्या गोष्टीतून उठून गेली," ते बायकोला, पार्वताबाईंना म्हणाले.

"तिथंच तं बसली होती," पार्वताबाई म्हणाल्या.

"बसली होती. पन उठून गेली."

रविवारी शाळेतल्या रश्मी मॅडमनी पोरांना काळी-पिवळी जीपमध्ये भरून सिनेमाला नेलं. डोमाजी स्वतःहून सोबत निघाले. पोरांवर लक्ष ठेवायला, असं म्हणाले. खरं म्हणजे चुका काढायला. पार्वताबाई त्यांच्यावर लक्ष ठेवायला निघाल्या.

पहिली दहा मिनिटं डोमाजी हाताची घडी घालून बसले. गब्दू दोन पायांवर नाचला तेव्हा त्यांनी पार्वताबाईंकडे रागानं पाहिलं, जसं काही त्यांनीच त्याला नाच शिकवला. मग चिंगी शहरात हरवली. गब्दू एका पुलावर बसून म्हणाला, "ती इथूनच गेली," आणि गप्प झाला.

"हूं," अंधारात डोमाजी म्हणाले.

सवय हो, दुसरं काय. आपण बोललो हे त्यांना कळलंही नाही. तिसऱ्या हुंकाऱ्याला दोन रांगांतल्या पोरांनीही सूर धरला, आणि टॉर्च घेऊन दारावरचा माणूस आला. त्या उजेडात पार्वताबाईंना दिसलं की चुका काढायला आलेला माणूस खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसतो आहे. चांगली बाई, घरी येईपर्यंत त्याबद्दल बोलली नाही.

परतताना रश्मी मॅडमनी सगळ्यांची मतं विचारली. भित्तीपत्रकावर लिहायची होती.

"पैला भाग भारी होता, ह्यात गाने जास्त," गाडी चालवणारा धनंजय म्हणाला. तो मध्यंतरापर्यंत झोपला होता.

पार्वताबाई म्हणाल्या, "गार होतं. खुर्चीही मस्त. असा पिच्चर उन्हाळ्यात दर हप्त्याले पाह्यजे."

मग सगळ्यांनी डोमाजींकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला. "अस्वल असं नसते, मॅडम. वारुळातली उधई नाही खाल्ली, मोहाखाली नाही गेलं. अन् नखं पाहा, सलूनातून आल्यावानी. मी इतका हुंकारा देऊन राहिलो, एकदा तरी हुंकाऱ्यासाठी थांबलं का? कोनी ऐको का न ऐको, आपलं चालूच."

सगळे हसले. गुड्डी मात्र हसली नाही. तिला सिनेमा जिवापाड आवडला होता.

"तुमचं अस्वल तरी कुठं खरं हाये, आबाजी?" ती म्हणाली. "दर बारीले मोठं होते."

डोमाजी आंबागड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

पुढच्या शनिवारी ते ओट्यावर गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले. "सकाळी पानठेल्यावर गेला तवा बरा होता गुडघा," पार्वताबाई म्हणाल्या. डोमाजींनी दुखणारा गुडघा पटकन पोटाशी ओढला.

दुपारी अंगणात पावलं वाजली. गुड्डी विक्कीला घेऊन आली होती. विक्की शेजारचा, तापामुळे त्याचा सिनेमा हुकला होता. बाजेपासून दोन हात अंतरावर बसून ती त्याला सिनेमा सांगू लागली. चिंगी हरवली, गब्दू पुलावर बसला, सगळं आलं. विक्की हुंकारा देत होता. डोमाजी भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

"मंग गब्दूले भूक लागली," गुड्डी म्हणाली. "त्यानं वारूळ उकरून उधई खाल्ली. अन् मोहाखाली फुलं खाले गेला."

डोमाजींनी कान टवकारले. हे सिनेमात नव्हतं.

"तं झाडावर एक मानूस बसला होता."

"हूं," विक्की म्हणाला.

गुड्डी थांबली. विक्कीनं आणखी एकदा हूं म्हटलं, तरी ती पुढं जाईना.

"आबाजी," तिनं विचारलं, "अस्वल केवढं होतं?"

डोमाजी हळूच उठून बसले. नातीकडे पाहिलं, मग लांबच्या किल्ल्याकडे. इतक्या वर्षांत वाढवलेलं अस्वल एकदम खाली ठेवणं सोपं नव्हतं.

"वासराएवढं," ते म्हणाले.

"हूं," गुड्डी म्हणाली.