मरियाचा पाय आणि मरियाची क्षमा

बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत मरिया खिचडी शिजवते. पातेलं एवढं मोठं, की ढवळायला एक पाय पुढं रोवून सगळा जोर लावावा लागतो. म्हणजे तिची नोकरी हातांपेक्षा पायावर उभी.

तिचा नवरा यशया काकासाहेबांच्या दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. काकासाहेब आमच्या चर्चच्या मंडळीतले पंच. माणूस वाईट नाही, प्रार्थना लांबवतो एवढंच. त्यांचा मुलगा नोहा पोलीस भरतीसाठी पहाटे स्वतः पळायचा आणि दिवसा बापाची घरची गाडी पळवायचा, लायसन नसताना. गेल्या मार्चात शाळा सुटल्यावर मरिया रस्त्याच्या कडेनं घरी येत होती, तेव्हा वळणावर त्याच गाडीनं तिला उडवलं.

नोहा पळून गेला नाही, हे खरं. तिला उचलून गाडीत घातलं आणि रडत रडत बापाला फोन लावला. बापाच्या सांगण्यावरून गाडी सरकारी दवाखान्याकडं न जाता हाडवैद्याकडं वळली. दवाखान्यात अपघात म्हटलं की पोलिसांना कळवतात, आणि केस झाली की पोराची भरती गेली. वैद्यानं बांबूच्या पट्ट्या आवळल्या, वर कसलासा लेप दिला. कुणी विचारलं तर न्हाणीत पाय घसरला म्हणायचं, असं ठरलं. ठरवलं बाप्यांनी, न्हाणीत पडली मरिया.

मी बघायला गेले तर पाय भोपळ्यासारखा सुजलेला. म्हटलं, हाडाचा फोटो तरी काढून घे बाई. तिनं यशयाकडं बघितलं, यशयानं छपराच्या पत्र्याकडं.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्यात रीत आहे, मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही. आधी समेट, मग भाकर. काकासाहेबांनी पुढाकार घेतला आणि चौघांनी मरियाला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून चर्चात आणलं. नवरीची मिरवणूकच जशी. फरक इतकाच, की नवरी रडते आणि ही दात आवळून बसलेली. नोहानं सगळ्यांसमोर तिचा हात धरून माफी मागितली. त्या पोराला संडे स्कूलात गाणी तिनंच शिकवलेली.

"क्षमा केली रे," ती म्हणाली.

मनापासून म्हणाली. मी शेजारीच होते.

तिथंच ती अडकली. त्यानंतर कुणी दवाखान्याचं नाव काढलं, की वस्तीतला कुणीतरी म्हणायचा, क्षमा झाली ना, मग आता काय? दुसऱ्याचं सोडा, तिलाही तेच वाटायला लागलं. देवापुढं सोडून दिलेलं पुन्हा धरायचं कसं, असं मलाच विचारायची. दुखलं तरी कण्हायची नाही. कण्हलं तर क्षमा खोटी ठरेल, अशी धास्ती. शाळेत तिच्या जागी दुसरी बाई आली. मरिया खाटेवर पडून शाळेची घंटा ऐकायची. बोटं बधिर व्हायला लागली, टाच टेकवेना.

शेवटी काकासाहेबच घाबरले आणि नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तयार झाले, स्वतःच्या गाडीतून. ज्या गाडीनं पाडलं तिच्याच मागच्या सीटवर ती आडवी, डोकं माझ्या मांडीवर. माझ्या बाजूची काच खाली होत नव्हती. राहुरी मागं पडेपर्यंत काकासाहेब एकच गोष्ट घोकून घेत होते, न्हाणीत घसरली म्हणायचं. शेजारी यशया मान हलवत होता. त्याची भाकर त्याच घरची.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोटो उजेडात धरून म्हणाल्या, हाड वाकडं जुळलंय, पुन्हा मोकळं करून सरळ बसवावं लागेल. मग विचारलं, लागलं कसं? यशया म्हणाला, न्हाणीत. बाई म्हणाल्या, मी यांना विचारतेय.

मरिया कोपरावर रेलून अर्धी उठली.

"नोहाच्या गाडीनं लागलं," ती म्हणाली. "त्याला मी क्षमा केली हाय, ती काय मोडत न्हाई. पन माझ्या पायाबद्दल खोटं बोलीन, असं मी कुनाला कबूल केलं न्हवतं."

काकासाहेब बाहेर निघून गेले. दवाखान्यातल्या चौकीचा हवालदार जबाब घ्यायला आला. इतके दिवस गप्प का बसला, असं त्यानं विचारलं, तेही तिनं सांगितलं. सही करा म्हणाला, तर ही म्हणते, आधी वाचून दाखवा. त्यानं वाचलं, रस्ता ओलांडत असताना.

"वलांडत न्हवते. कडंनं चालले हुते."

त्यानं खोडून पुन्हा लिहिलं. नंतर काकासाहेबांना त्यानं विचारलं, गाडीचा विमा आहे ना, मग एवढं घाबरलात कशाला? काकासाहेब म्हणाले, "विमा गाडीचा हाय, पोराचा न्हाई." मला त्या घटकेला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू.

ऑपरेशन झालं. पाय थोडा आखूड राहिला. आता ती स्टुलावर बसून भाज्या चिरते, पातेलं दुसरी ढवळते. तिचा वकील म्हणतो, पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेला असता तर भरपाईचा दावा सोपा झाला असता. हाडाबद्दल डॉक्टरीणबाई आधीच तेच बोलल्या होत्या. यशयाचा टेम्पो सुटला, तो वीटभट्टीवर जातो. घरी आला की भिंतीकडं तोंड करून जेवतो. अर्धी वस्ती मरियाला बघून रस्ता बदलते, आणि तिला काही भरभर चालून दुसरीकडं निघून जाता येत नाही.

पण तारखेला यशयाच तिला हात धरून एसटीत चढवतो. कोर्टाबाहेर समोरच्या बाकावर नोहा असतो, मान खाली घालून. मरिया त्याला विचारते, जेवलास का रे. तिच्या वकिलाला हे अजिबात आवडत नाही.