यादीत नसलेले शब्द

इतक्या थोड्या खर्चात इतकी मोठी करमणूक करून घेणारं माणूस आमच्या घरमालकीण खालांसारखं उभ्या जालना जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि त्या करमणुकीनं अख्ख्या गल्लीला घाम फोडणारंही नसेल. कुंभार पिंपळगावच्या शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. खाला म्हणजे मावशी, सगळेच त्यांना तसं म्हणायचे; त्या एकट्याच राहायच्या. एकुलती मुलगी जालन्याला दिलेली. पहिल्या दिवशी मी सामान उतरवत होतो, तेव्हा त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर शब्दशोधाचं मासिक, आणि सुतार खोचतो तसा कानावर पेन्सिलीचा बोटभर तुकडा. पानावर अक्षरांची मोठी चौकट, तिच्यात उभे, आडवे, तिरपे, उलटे लपवलेले शब्द, बाजूला त्या शब्दांची यादी. शब्द सापडला की त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल करायचा, एवढाच तो खेळ. मला पाहून त्या म्हणाल्या, "सामान नंतर लावा सर, आधी ही यादी वाचा. बारीक छापलीय मेल्यांनी."

ती यादी वाचायचं काम माझ्याकडं कायमचं आलं. नवं मासिक त्यांनी कधी घेतलं नाही. आठवडी बाजारातल्या रद्दीवाल्याकडून त्या कुणीतरी अर्धीमुर्धी सोडवलेली मासिकं आणायच्या, आधीच्या माणसाचे गोल खोडरबरानं पुसायच्या आणि स्वतः पहिल्यापासून सुरू करायच्या. पुस्तक संपलं की आपलेही गोल पुसायच्या. मी एकदा म्हणालो, "खाला, नवं आणून देतो की." त्यावर म्हणाल्या, "नवं कशाला? अक्षरं तर जुनीच असतात." चौथीपर्यंत त्या मराठी शाळेत शिकल्या होत्या, आणि घरी वडिलांनी उर्दू शिकवलेली. त्यामुळं त्यांची नजर उजवीकडून डावीकडं धावायची. तुम्हाआम्हाला जे उलटे शब्द डोळे फोडून सापडत नाहीत, ते त्यांना आधी सापडायचे आणि सरळ शब्दांवर त्या तासन्‌तास अडायच्या.

हे सगळं गमतीचं होतं. पण मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी खालांना यादीत नसलेले शब्द सापडायला लागले.

पहिला शब्द होता 'पाहुणे'. दुपारची वेळ, लाईट गेलेली, गल्ली सामसूम. खालांची पेन्सिल फिरता फिरता थांबली, मान एका बाजूला कलली, आणि त्यांनी सावकाश एक गोल काढला. "सर, पाहुणे म्हणून शब्द हाय का यादीत?" मी यादी पाहिली. नव्हता. "मंग तांदूळ जास्त भिजवते," म्हणून त्या उठल्या. तासाभरात मंठ्याहून त्यांच्या पुतण्याचं सगळं खटलं जीपमधून उतरलं, लेकराबाळांसकट अकरा माणसं. आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात 'साप' निघाला. गल्लीनं काठ्या घेऊन घरं धुंडाळली, काही मिळालं नाही, लोकांनी खालांची चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच मोरीतल्या रांजणामागं तो शांतपणे वेटोळं घालून बसलेला दिसला. त्यानंतर चेष्टा थांबली. समोरच्या बाई सकाळी झाडता झाडता हळूच विचारायच्या, "आज काय निघालं?" घनसावंगीला जाणारा जीपवाला गाडी भरली तरी खालांकडं एकदा बघून घ्यायचा आणि त्यांनी मान हलवली की मगच निघायचा. मी विज्ञान शिकवणारा माणूस, वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायचो. पण खालांची पेन्सिल थांबली की माझाही हातातला घास थांबायचा.

एका शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आलो, तर खाला दारातच उभ्या होत्या. एरवी मला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणणाऱ्या खाला म्हणाल्या, "बेटा, तू तुझ्या गावाला जा."

"का? काय झालं?"

"हसनाबाद निघालंय. उलटं."

माझे वडील हसनाबादला एकटे राहायचे. फोन केला, तर नीट बोलले. मी खालांना तसं सांगितलं.

"काही झालंय असं मी कुठं म्हणले? जा म्हणले. जल्दी जा."

चिडतच बसमध्ये बसलो. जालन्याला गाडी बदलून पोचेपर्यंत दिवस कलला. वडील ओट्यावर बाजेची सुतळी ताणत बसले होते. "अचानक कसा आलास?" म्हणाले. "असंच," म्हणालो. रविवारी त्यांनी स्वतः पिठलं केलं. कधी दोन वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस त्या दिवशी बोलतच सुटला. तरुणपणी पोलीस भरतीत छाती कमी भरली म्हणून ते परत आले, असं आम्ही आयुष्यभर ऐकत आलो होतो. "छाती बराबर भरली होती," ते म्हणाले. "घेतलं होतं मला. तिसऱ्या दिवशी आईची आठवण आली, पळून आलो." आणि ठसका लागेपर्यंत हसले. सोमवारी पहाटे मी निघालो, तेव्हा ते फाट्यापर्यंत चालत आले. बुधवारी शाळेत तिसऱ्या तासाला चुलतभावाचा फोन आला. वडील बांधावर टेकले, ते उठलेच नव्हते.

तेरावा करून परतलो. खालांनी चहा दिला आणि जवळ बसल्या. मीच ते पान मागितलं. पेन्सिलीचा गोल ठसठशीत होता. त्यात पाच अक्षरं होती: ट, रू, मा, घ, ळ. मी उलटी वाचली, तिरपी वाचली, आजूबाजूची जोडून पाहिली. मग एकेक ओळ बोटानं तपासली. त्या अख्ख्या चौकटीत 'ह' हे अक्षरच नव्हतं. मागची पानं चाळली. कितीतरी महिन्यांचे गोल असेच कशाहीभोवती काढलेले होते. मासिक मिटून मी त्यांच्या हातात दिलं.

पुढं दोन महिन्यांनी खाला अंगणातच उंबऱ्याला अडखळून पडल्या. मुलगी आली, आम्ही दोघांनी त्यांना जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर मुलीवर रागावले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता, वर्षभर तरी यांना वाचता येत नसणार, म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. काळा चष्मा लावून त्या खाटेवर बसल्या होत्या, तेव्हा मी विचारलं, "खाला, सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर पोरीनं हितंच ठेवून घेतलं असतं."

"मग ते शब्द?"

"दिसायचे."

"डॉक्टर तर म्हणतात, काही दिसत नव्हतं."

त्यांनी काळा चष्मा बोटानं वर सरकवला. "अक्षरं न्हाई दिसायची, बेटा. शब्द दिसायचे."

बाहेर ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज येत होता.

आता खालांना लख्ख दिसतं. यादी स्वतः वाचतात, आठवड्यात एक मासिक संपवतात. जीपवाला त्यांच्याकडं न बघताच निघतो. माझी बदली भोकरदनकडं झाली. बाजारात जुनं मासिक दिसलं की मी त्यांच्यासाठी घेऊन ठेवतो आणि फोन करतो. परवा सगळं बोलून झाल्यावर न राहवून विचारलं, "काही जास्तीचं निघतं का हो खाला?"

"न्हाई. यादीत हाय तेवढंच निघतं आता. बिलकुल साफ दिसतं." मी फोन ठेवायला लागलो. "सर, तुमचं बरं हाय ना?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बरं आहे, खाला."