खोकल्यासाठी राखलेला अर्धा तास

आमची मुलगी सातव्याच महिन्यात झाली. चाळीस दिवस यवतमाळच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिला घरी सोडायच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "घरी कशानं नेणार?" म्हटलं, गाडीनं, स्वतःची आहे. सांगताना छाती जरा फुगलीच असेल. त्या म्हणाल्या, "मारेगाव म्हणजे दोन तास तरी बंद गाडीत जाणार. आत धूळ नको, ओल नको, कसला वास नको. तिची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत. दोन वाजता या."

आता गाडीचं काय सांगू. मी मारेगावहून रोज राजूरला शाळेत शिकवायला जातो. त्या रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक चालतात. सीटवर थाप मारली की काळं उठायचं. रोज संध्याकाळी माझा रुमालच काळा निघायचा, त्यामुळे मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या सकाळी मात्र गाडीचं दार उघडलं आणि आधी डॉक्टरबाईंचे शब्द आठवले.

दहा वाजता गावाबाहेरचं एक वॉशिंग सेंटर गाठलं. तिथे साठीचे एक काका एकटेच होते. मी मुळातला तापट, त्यात घाई. उतरल्या उतरल्या हुकूम सोडला, मस्त फोम मारा, सीटा शाम्पूनं धुवा, डॅशबोर्डला पॉलिश करा. मग दवाखान्याचं सगळं सांगितलं. काकांनी उचललेला पाण्याचा पाइप खाली ठेवला. आत बसून एसी लावला आणि त्याच्या जाळीसमोर ओलं फडकं धरलं. फडक्यावर काळा पट्टा उमटला. तो पाहून ते उतरले आणि बाजेवर जाऊन बसले.

पाच मिनिटं गेली. मी म्हटलं, "काका, काहून बसले?"

"मोजून राह्यलो."

"काय मोजून राह्यले?"

"दोनले तुमाले तिथं पोचाचं, म्हंजे दीडले इथून निघाचं. त्याच्या आंधी अर्धा तास माह्या खोकल्याचा. म्हंजे एकले काम खतम. त्याच्या आंधी एक तास सुकाचा. म्हंजे बाराच्या पुढं गाडीले पान्याचा थेंब नाई." मोजणारी बोटं त्यांनी मिटली. "सीट धुतली त उद्यापरेंत सुकत नाई, म्हून धूत नाई. पालिश वास मारते, ते बी नाई. बाहेरून त मी हातच लावत नाई."

माझं डोकं सटकलं. खोकल्याचा अर्धा तास म्हणजे काय, हेही विचारलं नाही. म्हटलं, "मग करणार काय तुम्ही? चाळीस दिवसांनी लेक घरी चालली, अन् अशी मळकी गाडी नेऊ?"

"लेक आत बसन का टपावर?" काका म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बाजेवर टेकलो.

काका तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये होते. पाळी बदलायच्या आत मशीन साफ करून द्यावं लागे, तिथे ही उलटी मोजणी शिकले. म्हणाले, "रुईच्या धुळीवर पानी मारलं का ते बसते. तिले आंधी उठवा लागते, मंग बाहेरचा रस्ता दाखवा लागते." त्यांनी गाडी वळवून अशी लावली की वारा एका दारातून शिरून दुसऱ्यातून निघावा. मग एसीच्या तोंडात कॉम्प्रेसरची हवा सोडली. समोरून एक काळा ढग निघून शेताकडे गेला. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. एवढं सगळं मी रोज छातीत भरत होतो.

मी असतो तर खालच्या मॅटपासून सुरुवात केली असती. ते छतापासून उतरत आले, छत, मग सीटा ब्रशनं झाडत व्हॅक्यूमनं ओढत, शेवटी तळ. एसीचा कोळशानं भरलेला फिल्टर काढून माझ्या हातात दिला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. नवा आणायला ऑटोनं बाजारात पळालो. परत येईपर्यंत पिळलेल्या फडक्यानं पुसणं सुरू होतं आणि फडकं पांढरं राहीपर्यंत ते थांबले नाहीत. बाराला बादली पालथी घातली. मग तासभर चारी दारं उन्हात सताड उघडी. त्या तासात काकांनी घड्याळ पाहिलं नाही. मी पन्नासदा पाहिलं.

एक वाजता ते आत बसले, काचा वर केल्या, एसी लावला आणि डोळे मिटले. मी बाहेर उभा. तीन-चार मिनिटांतच त्यांना असा खोकला आला की दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागलं. मी दार उघडायला धावलो. काका डोळे पुसत उतरले. "जिनिंगची देन हाये. रुई छातीत बसली, आता रत्तीभर धूळ बी मले समजते. याच्यासाठीच त अर्धा तास ठेवला."

मग त्यांनी सीटबेल्ट ओढला. पूर्ण, शेवटच्या टोकापर्यंत. आतली गुंडाळी कोळशानं माखलेली होती. मी तो बेल्ट वर्षानुवर्षं लावला, पण पुरता ओढून कधी पाहिला नव्हता. चारही बेल्ट कोरड्या फडक्यांनी पुसून, आत हवा मारून ते पुन्हा गाडीत बसले. काचेतून मी त्यांची छाती वरखाली होताना पाहत होतो. दुखरी छाती, आणि त्यात ते माझ्या लेकीसाठी मुद्दाम खोल श्वास घेत होते. असं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दीडला ते उतरले. खोकला आला नव्हता. "न्या," म्हणाले. मी वाकून पाया पडलो, तर ते संकोचून बाजेकडे गेले.

दवाखान्याच्या दारात माझी बहीण बाळाचं सामान घेऊन उभी होती. बाहेरून गाडी जशीच्या तशी काळी. "एवढ्या वेळात गाडी पुसताही नाही आली का तुले?" ती म्हणाली. मी तिच्या हातातलं सामान घेऊन डिकीत ठेवलं. बायको मुलीला घेऊन मागे बसली, बहीण तिच्या शेजारी. मी पुढे बसलो, दारं लावली. बाहेरचा सगळा गलका बंद झाला. मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात बायकोनं खांद्यावर हात ठेवला. "थांबा," ती म्हणाली. "ऐका."

चाळीस दिवस आम्ही तिचा श्वास यंत्रावरच्या रेघेत पाहत होतो. त्या दिवशी तो पहिल्यांदा कानांनी ऐकला.