कागदाची कड

ऑफिसात तिला सगळे तोळाबाई म्हणतात, तेही तोंडावर. एकवीस वर्षं ती हवेतल्या धुळीचं वजन करते आहे. "तोळा फार मोठं माप झालं," एवढंच ती म्हणते.

मी साहित्य शिकलेली. हवेच्या अहवालांची भाषा सुधारायला मला वर्षभरासाठी नेमलं आणि टेबल तिच्याशेजारी मिळालं. ती माझ्या आईपेक्षा मोठी, तरी आमची मैत्री झाली. मी तिला ताई म्हणते.

काम सांगायला सोपं आहे. वहीच्या पानाएवढा पांढरा कागद दिवसभर कोरड्या पेटीत ठेवायचा आणि त्याचं वजन करायचं. मग शाळेच्या गच्चीवरच्या यंत्रात तो बसवायचा. यंत्र एक दिवस त्यातून हवा ओढतं. नंतर कागद काढायचा, पुन्हा सुकवायचा, पुन्हा वजन. जास्त भरेल ती धूळ. वजनाच्या खोलीत पंखा बंद, दार बंद, माझं तोंडही बंद. "तुझा श्वाससुद्धा काट्यावर पडतो," ती म्हणायची.

जुने कागद कपाटात आहेत. बारा वर्षांपूर्वीचे तव्याच्या बुडासारखे काळे. अलीकडचे राखाडी. मधल्या काळात शहराच्या बसगाड्या बदलल्या, वीटभट्ट्यांच्या चिमण्या नव्याने बांधल्या गेल्या, मोठे रस्ते यंत्राने झाडू लागले. वाईट हवेच्या यादीत राज्यातली अकरा शहरं होती. सात बाहेर पडली. आमचं आठवं ठरणार होतं. त्यासाठी आकडा सलग तीन वर्षं मर्यादेत हवा. दोन झाली होती, तिसऱ्याचे पाच आठवडे उरले होते. साहेबांनी माझ्याकडून निवेदनही लिहून घेतलं होतं. त्यात 'निरभ्र' शब्द दोनदा आला होता. ताईने एक खोडला. "एकदा पुरे. तोही जास्तच आहे."

चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. त्याआधी शहर यादीतून सुटलेलं बघायचं, एवढीच तिची इच्छा. तिची नणंद तिच्याच घरी असते. छातीचं दुखणं जुनं. हिवाळाभर खिडकीशी बसून असते. "नाव निघालं की मी जिना उतरून खाली येणार," तिने ठरवून टाकलं होतं.

मंगळवारी सकाळी ताईने चिमट्याने कागद उचलला आणि तशीच उभी राहिली.

यंत्रात कागदाभोवती रबरी रिंग आवळलेली असते. त्यामुळे धुळीचा डाग पट्टीने आखल्यासारखा सरळ कडेशी थांबतो. त्या दिवशी एका कोपऱ्यात कड फिसकटली होती, सांडलेल्या चहासारखी. ती तडक शाळेच्या गच्चीवर गेली. मी मागे. रिंगेला नखाएवढी चीर होती. हवा कागदातून न जाता बाजूने निसटत होती. वजन कमी भरत होतं.

परत येऊन तिने कपाट उघडलं. मागच्या नऊ आठवड्यांचे अठरा कागद टेबलावर मांडले. प्रत्येकाचा तोच कोपरा फिसकटलेला.

"हे मला दिसायला हवं होतं."

"चीर केवढीशी आहे ताई."

"कागद काळा आला की मी दोनदा बघते. यंत्र तपासते, काटा तपासते. हे उजळ येत होते ना गं. हे मी एकदाच बघितले."

मग तिने चार ओळी लिहिल्या. "अठरा कागद बाद धरावेत. रिंग तडकलेली होती. तपासणी माझ्याकडे होती. ती मी केली नाही." त्या तिने भाषा सुधारायला माझ्याकडे दिल्या. कबुलीजबाब मी पुस्तकांतून पुष्कळ वाचले आहेत. या चार ओळींत मला एक शब्दही हलवता आला नाही.

अठरा कागद गेले की वर्ष अपुरं. अपुरं वर्ष धरत नाहीत, पुढचं पुरं वर्ष तिसरं मानतात.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, चार महिन्यांत घरी जाल. जाताजाता हे काय काढलंत?"

"रिंग बदलली मी, साहेब. आता आकडा वर जाणार. मग काय लिहायचं? हवा एका मंगळवारी बिघडली?"

"काही मधली वाट?"

"बाजूच्या वाटेनेच तर हवा पळाली."

साहेबांनी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मग त्यांनी सही केली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिने नणंदेला सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा जिना राहिला," नणंद म्हणाली.

"वर्षभर थांबा, वन्सं."

"थांबते. जाते कुठे?" मग माझ्याकडे वळून, "आमच्या वहिनीला गच्चीवरची धूळ मिलिग्रॅममध्ये दिसते. तो पंखा बघ. वर बटाटे लावता येतील."

ताई हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

नव्या रिंगेचा पहिला आकडा मर्यादेच्या जरा वर आला. बारा वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून तरीही कमी. "दोन्ही लिही," ती मला म्हणाली. "एकच लिहिलंस तर खोटं होईल."

त्या दुपारी गच्चीवर कागद बसवून झाल्यावर ती कठड्याशी गेली. शाळेमागे तीन इमारती उठत होत्या. वाळूचे ढीग उघडे. ट्रक गेला की पिवळा लोट उठे आणि शाळेच्या भिंतीवर येई.

"बसगाड्या झाल्या, भट्ट्या झाल्या," ती म्हणाली. "आता हे."

"साहेबांना सांगू या?"

"सांगीन. पण चिठ्ठी निघायला महिना जाईल. ताडपत्री आजही मिळते."

ती उतरली, थेट बांधकामावरच्या मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"वाळूच आहे हो बाई, विष थोडंच आहे?" तो म्हणाला.

"मग ओढा चिमूटभर नाकात. मी थांबते."

शेजारची कामकरी बाई फिसकन हसली. मुकादमाने डोकं खाजवलं. "बरं, संध्याकाळपर्यंत दोन ताडपत्र्या टाकतो."

"तीन. मागचा ढीग वरून दिसतो."

आणि ती उन्हातच एका उपड्या घमेल्यावर बसली, तिसरी ताडपत्री बांधून होईपर्यंत.